मागच्या अंगाला राहणारं जोडपं

त्याला सगळे सावकाश म्हणत. खरं नाव मालकाच्या रजिस्टरात होतं आणि बहुधा तिथेच राहणार होतं. हाउसबोटीवर चढणाऱ्या प्रत्येक नव्या जोडप्याला फळीवर हात देताना तो म्हणायचा, "सावकाश, सावकाश," आणि एवढं बोलून झालं की पुढचे बावीस तास तोंड उघडायचा नाही. धक्क्यावरच्या टवाळांना नाव ठेवायला एवढं पुरलं. त्याच्या बायकोला नाव ठेवायची कोणाला गरज पडली नाही, कारण ती सहसा कोणाला दिसायचीच नाही.

न दिसणं हे तिचं कामच होतं. थोरल्या मालकांनी ही बोट मुळात हनिमूनला येणाऱ्यांसाठी बांधून घेतली, आणि त्यांचं एक वेड होतं. ते म्हणायचे, जोडप्याला वाटलं पाहिजे की या एवढ्या पाण्यावर आपण दोघंच आहोत. आता दोघंच असले तर बोट चालवणार कोण आणि जेवण काय आकाशातून पडणार? पण हे त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. त्यांनी बोटीच्या पुढच्या अंगाला मोकळा सज्जा केला, त्यात वेताच्या दोन खुर्च्या आणि एक पितळी घंटा ठेवली. सज्ज्यामागे पाहुण्यांची खोली. खोलीमागे जाड लाकडी भिंत, आणि भिंतीमागे सगळं कोंबलेलं: एवढंसं स्वयंपाकघर, दोन माणसं पाय दुमडून झोपतील अशी कोठडी, आणि कोठडीच्या डोक्यावर शिडीने चढायचं मचाण, जिथे स्टिअरिंग होतं. पाहुण्यांनी घंटा वाजवली तर पुढे जायचं, नाहीतर नाही. तोवर हाताची घडी आणि तोंडावर बोट.

सावकाश आणि त्याची बायको या बोटीवर नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. म्हणजे भिंतीच्या पुढेही हनिमून आणि मागेही हनिमून. पुढचा पैसे देऊन, मागचा पगार घेऊन. पुढचे हसायचे, भांडायचे, बेसूर गायचे. मागचे दोघं ते ऐकत पुटपुटतसुद्धा नसत. ती वाटाणे सोलताना हसू आवरायची आणि तो मचाणावरून खाली वाकून ओठांवर बोट ठेवायचा. त्या वयात यातही गंमत वाटते. वाटली त्यांना.

पण न बोलता बोट चालवायची तर काहीतरी सोय हवी. स्वयंपाकघराच्या छताला वाफ जाण्यासाठी एक झरोका होता. तो बरोबर मचाणाच्या पुढ्यात, सावकाशच्या पावलांपाशी उघडायचा. ती पळीने झरोक्याच्या कडेवर दोनदा टकटक करायची आणि मग हात वर काढायची. दोन बोटं म्हणजे जेवण तयार. आडवा पंजा म्हणजे बोट जरा उभी करा, कढई हलतेय. मूठ म्हणजे काहीतरी बिनसलंय, काठाला चला. समजलं की तो पायाने फळीवर एकदा ठोकायचा. आतून तिला तो दिसत नसे. वर पाहिलं की फक्त आकाश. पायाचा ठोका आला की समजायचं, पोचलं. मूठ पाच वर्षांत फक्त दोनदा वर आली होती, दोन्ही वेळा सिलिंडरमुळे.

तिसऱ्यांदा आली त्या दिवशी ती सात महिन्यांची गरोदर होती.

त्या हंगामात तिच्या जागी दुसरी बाई ठेवू, असं मालक म्हणाले होते. तीच म्हणाली, एक महिना करते, मग बसते घरी. दुपारी चारच्या सुमाराला बोट सरोवराच्या ऐन मध्यावर होती. पुढे एक नवं जोडपं होतं. नवरी पाण्यात पाय सोडून बसली होती आणि नवरा तिचे फोटो काढून दमत नव्हता. सावकाशने सहज खाली पाहिलं तर झरोक्यातून मूठ वर आलेली. टकटक झाली नव्हती. नुसती मूठ, घट्ट आवळलेली, त्याच्या पावलांपासून हातभर अंतरावर.

त्याने ती पाहिली. या गोष्टीत जे काही आहे ते एवढंच आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याने ती मूठ स्वच्छ पाहिली आणि मान वळवून पलीकडच्या काठाकडे बघत राहिला.

वाईट माणूस नव्हता तो. आठवड्यापूर्वी वारा सुटला म्हणून त्याने बोट तासभर लवकर आणली होती, आणि पाहुण्यांनी ओरड केल्यावर मालकांनी चार लोकांसमोर त्याची खरडपट्टी काढली होती. लोक आयुष्यात एकदा येतात, त्यांचा तास तू परत देणार आहेस का, असं विचारलं होतं. शिवाय पाचव्या महिन्यातही तिच्या पोटात असंच दुखलं होतं आणि तो नुसता वात निघाला होता. तो मनाशी म्हणाला, असेल तसंच, थांबेल अर्ध्या तासात. मग पायाने एक ठोका तरी द्यायचा. तोही त्याने दिला नाही. ठोका दिला असता तर त्याला कळलंय असं झालं असतं. त्याने डोळ्यांवर कातडं ओढलं आणि काठावरचे विजेचे खांब बघत बसला. मूठ बराच वेळ वर होती. मग हळूहळू उघडली आणि खाली गेली. ती गेली तेव्हा त्याला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं तो पुढे जन्मभर विसरणार नव्हता.

तासाभराने पुढे घंटा वाजली. चहाची वेळ होती. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा त्याने स्टिअरिंग दोरीने बांधलं आणि शिडी उतरून खाली गेला. ती सिलिंडरला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. ट्रेमध्ये दोन कप मांडलेले होते, साखर वेगळी काढलेली होती. भांडी पुसायचं फडकं तिने तोंडात कोंबलं होतं.

त्याने फडकं ओढून काढलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "ओरडली का नाहीस?"

ती म्हणाली, "पाहुणे आहेत ना."

पाहुणे तर देवमाणसं निघाली. नवऱ्याने शर्ट काढून ठेवला आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात बांबू रोवून रोवून बोट ढकलली. नवरी हिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "अहो, आम्हाला सांगायचं तरी. आम्ही काय नाही म्हटलं असतं?" सावकाशला त्या वाक्यापेक्षा कोणी कानाखाली दिलेली परवडली असती.

दवाखान्यात पोचेपर्यंत मूल गेलं होतं. पुढे दुसरं राहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या तिने विचारलं, "मी हात वर केला होता. दिसला नाही का हो तुम्हाला?"

तो म्हणाला, "टकटक केली नव्हतीस ना."

हे खोटं नव्हतं. टकटक खरंच झाली नव्हती. ती छताकडे बघत म्हणाली, "हो. पळी खाली पडली होती. वाकता येईना." आणि तो विषय तिथे संपला. म्हणजे बोलण्यातून संपला.

त्यानंतर सावकाशने एक गोष्ट केली आणि ती एकोणीस वर्षं न चुकता केली. झरोक्यातून हात वर आला आणि टकटक झाली नसली, तर तो ठोका द्यायचा नाही. दोन बोटं समोर नाचत असायची, पंजा आडवा होऊन थकायचा, आणि हा काठाकडे बघत बसायचा. पळी वाजली की मग जणू आत्ताच कळलं, असा पाय आपटायचा. खाली तीच म्हणायची, यांना टकटक केल्याशिवाय काही दिसत नाही. एकदा मचाण धुवायला म्हणून ती बादली घेऊन शिडी चढू लागली, तेव्हा हा जवळजवळ धावला. "तिथलं मी बघतो," म्हणाला. तिला वाटलं, काळजी घेतात. त्या दिवसापासून खरंच काळजी घ्यायचा तो तिची. सिलिंडर उचलू द्यायचा नाही, पाणी भरू द्यायचा नाही, हंगाम संपला की त्यांच्या भाड्याच्या खोलीवर तिचे पायसुद्धा चेपून द्यायचा. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. बोलायचे मात्र दोघं कमी. घरीसुद्धा ती दोन बोटं दाखवायची आणि हा जेवायला बसायचा.

या वर्षी हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात ती एकटीच मालकाच्या ऑफिसात गेली. थोरले मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता त्यांचा मुलगा टेबलामागे बसायचा, आणि त्याने हिला आयुष्यात दहा वेळा पाहिलं असेल.

"मला बोट बुक करायचीय," ती म्हणाली. "एक दिवस, एक रात्र. हनिमूनची, सजावटीसकट."

"कोणाचा हनिमून, मावशी?"

"माझा."

धाकटे मालक आधी हसले, मग तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले. "अहो, चोवीस वर्षं झाली तुम्हाला या बोटीवर. बुक कशाला करता? अशाच जा दोघं फिरून."

"फुकट नको. फुकट गेले की मागे जाऊन चहा मलाच करावा लागेल," ती म्हणाली, आणि पिशवीतून नोटांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं.

सावकाशला हे कळलं तेव्हा त्याला ते नको वाटलं, का ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. "कशाला हे नसते लाड?" तो म्हणाला. ती म्हणाली, "मला एकदा पुढे बसायचंय. आणि तुमच्याशी बोलायचंय." चोवीस वर्षांत बायको पहिल्यांदाच म्हणाली होती की बोलायचंय. नाही कसं म्हणणार?

बोट चालवायला शेजारच्या बोटीवरचा पोपट आला आणि स्वयंपाकाला त्याची बायको. पोपटाचं नाव कशावरून पडलं ते सांगायला नको. गप्प राहायच्या बोटीवर तो कसा निभावणार, यावर धक्क्यावर पैजा लागल्या. फळीशी उभं राहून त्याने हिला हात दिला आणि सावकाशची नक्कल केली, "सावकाश, सावकाश." धक्का हसला. तीही हसली. ठेवणीतले निळे कपडे घातले होते तिने आणि केसांत एक फूल होतं. सावकाशला ती ओळखीची वाटेना.

आत पलंगावर पाकळ्या पसरल्या होत्या आणि टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते. हे हंस करण्यात हिचा हातखंडा. पोपटिणीने केलेले बघून ती म्हणाली, "हंस कसले, बदकं आहेत. तीसुद्धा आजारी." आणि सवयीने ते सोडून नव्याने घड्या घालायला बसली. मग एकदम थांबली, बदकं होती तशी ठेवली, आणि पुढे सज्ज्यात जाऊन वेताच्या खुर्चीत बसली. सावकाश दुसऱ्या खुर्चीच्या टोकावर टेकला. दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघणारा माणूस जसा बसतो, तसा.

बोट निघाली. पाणी समोरून आलं. चोवीस वर्षं त्याने हे पाणी छतावरून पाहिलं होतं आणि तिने ट्रे नेता-आणताना, ओझरतं. "केवढं आहे हो हे," ती म्हणाली. बराच वेळ मग नुसती बघत होती. तिने घंटा वाजवून पाहिली. पोपटीण धावत आली तर हिला काही मागायचं सुचेना. शेवटी पाणी मागितलं आणि ओशाळून प्यायली.

जेवणं व्हायच्या आधी तिने विषय काढला. आवाज नेहमीसारखा बारीक, भिंतीमागचा.

"त्या दिवशीची ती मुलगी इथेच बसली होती ना? पाय सोडून?"

सावकाश खुर्चीचा सुटलेला वेत आत खोचू लागला.

"मला बघायचं होतं, मी ओरडले असते तर इथवर ऐकू आलं असतं का. मघाशी पोपटिणीच्या हातून झाकण पडलं ना, ते मी ऐकलं. एवढंसं झाकण. म्हणजे नुसती हाक मारली असती तरी पुरलं असतं. एकोणीस वर्षं मी हेच घोकतेय. एक हाक मारायची होती. मी मारली नाही. पाहुण्यांचा बेरंग होईल म्हणून स्वतःच्या तोंडात बोळा कोंबला. कुठल्या आईने केलं असतं असं?"

"असं नको बोलू."

"मला बोलू द्या. त्यासाठीच आलेय. तुम्ही मला एका शब्दाने कधी टाकून बोलला नाहीत. एकदाच म्हणालात, ओरडली का नाहीस. त्यानंतर चकार शब्द काढला नाहीत. माझं काय काय केलंत, पाय चेपलेत. मला वाटायचं, त्यापेक्षा एकदा बदडून काढा. माझ्यामुळे तुमचं मूल गेलं. मला तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय, मोठ्याने, इथे पुढे बसून. मला माफ केलंत का?"

खरं बोलायला हीच वेळ होती हे त्याला कळत होतं. इतकी चांगली वेळ पुन्हा यायची नव्हती, हेही कळत होतं. शब्द जिभेवर आले होते. मी पाहिला होता तुझा हात. सहा शब्दसुद्धा नाहीत. मग त्याला उद्याची सकाळ दिसली, खोलीवरचा रिकामा कोपरा दिसला, दोन बोटं दाखवणारं कोणी नसलेलं घर दिसलं. ती त्याच्याकडे अशी बघत होती की आता काहीतरी द्यायलाच हवं होतं, आणि जे द्यायचं ते त्याच्या खिशात नव्हतं. त्याने दुसऱ्याचंच उचलून दिलं.

"केलं," तो म्हणाला. "केव्हाच केलं."

ती रडली. आधी तोंडावर हात दाबून, मग हात काढून. मागे पोपटसुद्धा गप्प झाला असावा. रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं आणि मग जेवली. इतकी जेवली की पोपटिणीला दोनदा वाढायला यावं लागलं. दुसऱ्याच्या हातचं किती चांगलं लागतं, म्हणाली. पाण्यात पाय सोडून बसली. लग्नातल्या कुठल्या तरी फजितीची आठवण काढून एकटीच हसली, आणि त्यालाही हसवलं. बोलत सुटली होती ती. सावकाशच्या लक्षात आलं की हिचा आवाज छान आहे. आणि त्याला असंही वाटलं, देवा शपथ वाटलं, की चला, झालं ते बरंच झालं. तिच्या मनावरचं ओझं उतरलं, आता आपण आपलं मुकाट्याने वाहू.

चहा झाला आणि मागून पोपटाने आवाज दिला. "चला, नवरा-नवरी. फोटोची वेळ."

सावकाशच्या हातातला कप तसाच राहिला.

फोटोची ही पद्धत त्यानेच पाडली होती. चहानंतर प्रत्येक जोडप्याला हाताने खुणावून मचाणावर बोलवायचं. नवरीने स्टिअरिंग धरायचं, नवऱ्याने मागे उभं राहून तिच्या हातांवर हात ठेवायचे, आणि फोटो काढायचा. हजारो फोटो काढले असतील त्याने. पाहुण्यांना एवढं आवडलं की मालकांनी ते जाहिरातीत टाकलं. आता सगळ्या बोटी करतात. आजचा दिवस ठरल्यापासून त्याला शंभर गोष्टींची भीती वाटली होती, आणि ही एक त्याच्या डोक्यातच आली नव्हती.

"राहू दे फोटो," तो म्हणाला.

"राहू दे काय? पैसे दिलेत मी," ती म्हणाली आणि उठली.

"शिडी उभी आहे. गुडघे दुखतील तुझे."

"दुखू देत."

"ऊन आहे अजून."

"अहो, असं काय करता? पोरींसारखी हौस आहे मला, समजा." आणि ती कडेच्या फळीवरून मागे गेलीसुद्धा. पोपटाने खाली उतरून तिला शिडी धरून दिली. सावकाश मागून चढला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

वर वारा होता. तिने स्टिअरिंग धरलं, लहान मुलासारखं दोन्ही हातांनी. "बाई गं, सगळंच दिसतं इथून," ती म्हणाली. तो मागे उभा राहिला. पोपट शिडीच्या वरच्या पायरीवरून मोबाइल सरसावत म्हणाला, "चिकटा की जरा. चोवीस वर्षं झाली, आता कसली लाज?" सावकाशने तिच्या हातांवर हात ठेवले. तो मनात एकच घोकत होता, आता पटकन काढ, पटकन काढ.

खाली पोपटीण कप विसळत होती. तिने चहाचा चोथा झटकायला गाळणी झरोक्यातून वर काढली.

टकटक नव्हती. आवाज कसलाच नव्हता. पावलांपासून हातभर अंतरावर एक हात वर आला, नखं दिसत होती, मनगटावरचं पाणी दिसत होतं. बघायचं नाही म्हटलं तरी बघावं लागेल इतक्या समोर. गाळणी दोनदा झटकली गेली आणि हात खाली गेला.

त्याच्या हातांखाली तिचे हात थंड पडले. पाठ ताठ झाली. मान न वळवता ती त्या झरोक्याकडे बघत राहिली, आणि सावकाशने काय करावं? त्याने मान वळवली आणि पलीकडच्या काठाकडे पाहिलं. पोपटाने नेमका तेव्हाच फोटो काढला. "वहिनी, हसला नाहीत," तो म्हणाला. "पुन्हा काढू?"

"नको," ती म्हणाली. "मिळाला मला."

खाली उतरून दोघं पुन्हा खुर्च्यांत बसले. उन्हं कलली होती आणि पाण्यावर दुसरी बोट नव्हती. थोरल्या मालकांना हवं होतं तसं, दोघंच.

तिने विचारलं, "त्या दिवशी दिसला होता?"

"हो."

"किती वेळ?"

आता तो खोटं बोलू शकत नव्हता. धीर आला म्हणून नव्हे, उरलंच नव्हतं काही. "तू खाली घेईस्तोवर," तो म्हणाला.

"खूप वेळ धरला होता मी," ती म्हणाली. "खांदा भरून आला होता."

मग त्याने सांगायला सुरुवात केली. मालकांनी काढलेली खरडपट्टी सांगितली, पाचव्या महिन्यातला वात सांगितला, अर्ध्या तासात थांबेल असं कसं वाटलं ते सांगितलं. एकोणीस वर्षं आत साठलेलं धडाधड बाहेर पडत होतं, आणि बोलता बोलता त्यालाच ऐकू येत होतं की हे किती थोडं आहे. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. त्याचं बोलून संपल्यावर ती उठली, आत गेली, पलंगावरच्या पाकळ्या आणि ती बदकं एका बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तो सज्ज्यात बसून राहिला. रात्रभर बसला. आतून हुंदका आला असता तर त्याला बरं वाटलं असतं, पण दुपारी रडून घेतलं होतं तिने, त्याच्यापाशी.

सकाळी नऊला बोट धक्क्याला लागली. तिने पोपटिणीचे आभार मानले, पोपटाला म्हणाली, छान चालवलीत. मग पिशवी घेऊन कोणाचा हात न धरता फळी उतरली. तो मागोमाग निघाला तशी वळली. पिशवी खाली ठेवली. धक्क्यावर आता गर्दी व्हायला लागली होती. बोटी धुतल्या जात होत्या, अकराच्या पाहुण्यांसाठी पलंगावरच्या चादरी बदलल्या जात होत्या.

"मी बहिणीकडे जाते," ती म्हणाली. आवाज बारीक नव्हता. धक्क्यावरच्या सगळ्यांनी माना वळवून पाहिलं, आणि तिला त्याचं काही नव्हतं. "मूल गेलं, ते जाऊ दे. तुम्ही घाबरलात, माणूस घाबरतो, तेही मी कधीतरी समजून घेतलं असतं. पण काल मी तुमच्याकडे माफी मागितली. आणि तुम्ही ती दिलीत. कशी दिलीत हो?"

तो फळीवर उभा होता. तिने थोडा वेळ खरंच वाट पाहिली, उत्तर येईल म्हणून. मग पिशवी उचलून ती बसस्टँडच्या रस्त्याने चालायला लागली, आणि समोरून अकराच्या जोडप्याची गाडी वेळेआधीच हॉर्न देत आली तेव्हा बाजूला होऊन तिने गाडीला वाट दिली.